कवटाळले म्हणजे

तिच्या उजव्या कानातून जे ओघळत होतं ते मला आधी तेल वाटलं. बाया मुलांच्या कानांत तेल घालतातच. मग एक माशी आली, त्या ओघळावर बसली आणि उडेना. मुलीनेही ती हाकलली नाही. तेव्हा लक्षात आलं की हे तेल नाही. आणि तेवढ्यात वास आला.

"नाव काय बाळ तुझं?" मी विचारलं. विचारता विचारता एक पाऊल मागे सरले.

मागे उभ्या असलेल्या म्हातारीने तिला पुढे ढकललं.

"रिबका हाय तिचं नाव. रिबी म्हनत्यात समदे. मी तिची आजी, ठकूबाई. वीटभट्टीवर ऱ्हातो आमी. हिच्या मायचा बाप्तिस्मा ह्याच देवळात झाला व्हता. माय गेली मागल्या साली. दहा दिस बसू द्या हिला हितं, बाई. भट्टीवर नुसती उन्हात हिंडती."

"कानाला काय झालंय?"

ठकूबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुनीतरी कवटाळ केलंय तिच्यावर. देवऋषी म्हनला."

कवटाळ म्हणजे करणी, चेटूक. आमच्या नगरकडच्या खेड्यापाड्यांत जुनी माणसं हाच शब्द वापरतात.

"ठकूबाई, आपण प्रभूची माणसं," मी म्हणाले. माझा आवाज कधीच चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "देवऋषाकडे जायचं नसतं आपण."

"जायाचं नसतंय, खरं हाय," म्हातारी म्हणाली. "पर कान तर वाहतोय ना, बाई."

असा आमच्या उन्हाळी बायबल शाळेचा पहिला दिवस सुरू झाला. मे महिना, अठ्ठ्याऐंशी साल. सकाळी आठ ते अकरा, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फरशीवर सतरंज्या टाकून चाळीस मुलं. मी एकतीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लहान गट दर वर्षी माझ्याकडे असायचा. लोक म्हणत, एस्तेरबाईंच्या तोंडून ऐकलं की मुलांना देव घरातला वाटतो. मला ते ऐकायला आवडायचं. त्या वर्षीचा विषयही तसाच होता, "मी देवाचं लाडकं". रंगीत खडूंनी तो मी स्वतः फळ्यावर लिहिला होता, भोवती फुलं काढून.

माझा नेम होता. पहाटे पाचला उठायचं, आंघोळ करायची, धुतलेलं पातळ नेसायचं, गुडघे टेकायचे. शास्त्रातला एक अध्याय. मग शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन प्रार्थना. शुक्रवारी उपास. रिबी आली त्या दिवसापासून तिचं नाव यादीत घातलं. शेवटचं. "प्रभो, रिबकाला तुझी प्रीती कळू दे." रोज पहाटे मी हे म्हणत होते, आणि रोज आठ वाजता तिला खिडकीशी बसवत होते.

खिडकीशी, म्हणजे वास बाहेर जाईल. उजवा कान आत वर्गाकडे नको म्हणून मी आधी तिला खिडकीला उजवी बाजू करून बसवलं, तर वाऱ्याबरोबर वास उलट आत यायला लागला. मग फिरवलं. उजवी बाजू आमच्याकडे पण ती चार हात लांब, मध्ये रिकामी सतरंजी. तरी वारा पडला की येई. कुजलेल्या चिंचेसारखा, मेलेल्या उंदरासारखा, काय सांगू. शिकवता शिकवता घशाशी यायचं. दुसऱ्या दिवसापासून मी रुमालाला निलगिरीचे थेंब लावून आणू लागले. मुलांना सांगितलं, बाईंना पडसं झालंय.

चौथ्या दिवशीचं वचन येशूने बालकांना जवळ घेतल्याचं होतं. आईबाप मुलांना आणतात, शिष्य दटावतात, येशू रागावतो आणि मुलांना बोलावून घेतो. आमच्या शास्त्राचं भाषांतर जुनं. त्यात "जवळ घेतले" असं नाही, "कवटाळले" असं आहे. मला तो शब्द फार गोड वाटे. मी एकेका मुलाला उभं करून म्हणवून घेतलं. कंपाउंडरची ग्रेसी, गुलाबी फ्रॉक, मानेला पावडर, घडाघडा म्हणाली. बाकीची म्हणाली. रिबी उभी राहिली आणि त्या शब्दाशी थांबली.

"म्हण ना, कवटाळले."

"नाय."

"का नाही?"

"आजी मारंल."

मुलं हसली. "बाई, ती हट्टी आहे," ग्रेसी म्हणाली. मलाही तेच वाटलं. जवळ जाऊन, वाकून विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने. पण वाकायचं म्हणजे तोंड तिच्या कानाजवळ न्यायचं. मी चार हातांवरून म्हणाले, "बरं, उद्या म्हण." दुसऱ्या दिवशीही ती म्हणाली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ज्या मुलाला वचन येत नाही त्याला पुढे बोलवावं लागत नाही.

सहाव्या दिवशी पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, बिस्किटं वाटायला आल्या. मनोरमाबाई जिभेच्या तिखट, मनाने मोकळ्या. त्यांनी रिबीला सरळच विचारलं, "का गं, सगळी म्हणतात, तुलाच काय धाड भरलीय?"

रिबी बिस्किट मुठीत धरून म्हणाली, "ते वंगाळ हाय. कवटाळ केल्यावर कान सडतो."

शाळा सुटल्यावर पाळकांच्या ओसरीवर चहा घेताना मनोरमाबाईंना हसू आवरेना. "अगं एस्तेर, चाळीस पोरांना सहा दिवस शिकवतेयस, आणि तिकडे वीटभट्टीवर तुझा येशू पोरांवर करणी करत सुटलाय."

मी पदराआड हसले.

"सांग तरी तिला नीट," त्या म्हणाल्या.

"उद्या सांगते."

उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. सांगायला तिच्या शेजारी बसावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, समारोप होता. नगरहून मिस लोंढे आल्या होत्या. आयुष्यभर मुलांमध्ये काम केलेल्या, पन्नाशीच्या, खादीची साडी, पायांत साध्या चपला. आईबाप मागे बाकांवर. ठकूबाईही आली होती, दाराशी उकिडवी बसली होती. रिबीची वेणी त्या दिवशी घट्ट घातलेली आणि उजव्या कानावरून आडवी आणून पिनेने बसवलेली. कानात कापसाचा बोळा. बोळा पिवळा झाला होता.

मिस लोंढ्यांनी वचन म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. आता मला सांगा, कवटाळले म्हणजे काय?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. हे कुणी शिकवलंच नव्हतं. शब्द पाठ होता, अर्थ मी गृहीत धरला होता. तेवढ्यात खिडकीशी एक हात वर गेला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"सांग बाळ," मिस लोंढे म्हणाल्या.

"करनी केली," रिबी म्हणाली.

मागचे बाक हसले. मुलं हसली. मनोरमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मिस लोंढे हसल्या नाहीत. त्या उठून खिडकीशी गेल्या, रिबीच्या डाव्या बाजूला भिंतीच्या फटीत अवघडून बसल्या आणि तिच्याशी हळूच काहीतरी बोलल्या. रिबी मान हलवत होती. मग त्या उठल्या.

"एस्तेरबाई, हिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. चांगला कान डावा. तो तुम्ही रस्त्याकडे केलाय." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तिला शब्दाचा अर्थ माहीत नाही एवढंच. तुम्ही तिला करून दाखवा ना. मुलं अशीच शिकतात. ये गं, पुढे ये बाईंकडे."

रिबी आली. चालताना तिने कापूस आणखी आत दाबला, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरले होते, शिंप्याकडे माप द्यायला उभं राहतात तसे. काय होणार आहे ते तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी होणार आहे आणि ते तिच्या वाट्याचं आहे एवढं तिला कळलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून कुणालाही ते कळलं असतं.

मी हात पुढे केले. वास आला. त्या कापसाच्या कडेला काहीतरी हललं, किंवा मला तसं वाटलं.

माझे हात पुढे झालेलेच होते. ते मी वळवले. शेजारी ग्रेसी होती. मी तिला उचलून छातीशी धरलं, गालाला गाल लावला आणि त्या गुलाबी फ्रॉकवरून रिबीला म्हणाले, "असं. बघ, असं कवटाळतात. म्हणजे मायेने धरतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दृश्य छान दिसलं असणार.

रिबी बघत होती. तिने हात खाली घेतले.

"म्हंजी धरलं," ती म्हणाली.

"हो. धरलं."

"समद्यांला धरलं?"

"सगळ्यांना. एकूण एक मुलाला."

"कान फुटल्यालं पोरगं आसंल तर?"

"त्यालाही."

"त्याला वास नाय आला?"

ग्रेसी माझ्या कडेवर होती, तिच्या पावडरीचा वास माझ्या नाकात. मी म्हणाले, "देवाला वास येत नाही, बाळ."

"मग त्याला नाक नसंल," रिबी म्हणाली.

आता मात्र सगळं देऊळ हसलं. हशा वरच्या पत्र्यावर जाऊन आदळला. मनोरमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि मी, ग्रेसीला कडेवर घेऊन, त्या सगळ्यांबरोबर हसले. मोठ्याने नाही. मी मोठ्याने हसत नाही.

मिस लोंढे खाली फरशीकडे बघत होत्या.

नंतर प्रीतिभोजन होतं. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. सगळी मंडळी एका पंगतीला बसतात, लहानमोठं कुणी नाही, म्हणून तर त्याला प्रीतिभोजन म्हणायचं. रिबी पंगतीत बसायला आली तेव्हा मीच तिचं पान उचललं. "बाहेर पायरीवर बस हं, तिकडे वारा आहे." ठकूबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी शिरा वाढायला पायरीवर गेले तेव्हा तिथे नुसतं पान होतं. पुरीला हात लावलेला नव्हता. बक्षीस म्हणून प्रत्येक मुलाला रंगीत चित्राचं कार्ड होतं. तिचं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले. आंघोळ केली, पांढरं पातळ नेसले, गुडघे टेकले, अध्याय वाचला. नावं घ्यायला लागले. ग्रेसी, योहान, सुमित्रा, एकेक करत शेवटी आले. "रिबका," म्हणाले आणि तो वास आला.

मी थांबले. उठून खिडकी बघितली, मोरी बघितली. पुन्हा गुडघे टेकले. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा वास. खोलीत कुणी नव्हतं. मी एकटीच होते, नुकतीच नाहलेली, धुतलेल्या पातळात.

मला मोरीत जाऊन ओकावं लागलं. उपाशीपोटी काय पडणार, नुसतं पित्त. ते बघून मनात आलं, दहा दिवस मी मुलीपासून नाक वळवलं, आणि त्या वेळी मी काय होते ते आज तोंडावाटे आलंय. आरशात बघायची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी मी उपासनेला गेले नाही. आयुष्यातला पहिला रविवार. वीटभट्टीवर गेले.

ठकूबाई खोपीसमोर चूल फुंकत होती. मला बघून उठली नाही.

"या, बाई. आज देऊळ बंद हाय व्हय?"

"रिबी कुठे आहे?"

"हाय की आत. काल पोरगी काय म्हनली, ठावं हाय का? म्हनली, आजे, त्या देवाला नाक नाय. पर त्याच्या बाईला हाय."

मी तिथेच उभी राहिले. भट्टीची धग एका बाजूने अंगावर येत होती. "खरं आहे ते," मी म्हणाले.

म्हातारीने फुंकणी खाली ठेवली. बहुतेक तिला भांडायचं होतं आणि मी भांडायला जागाच ठेवली नव्हती. "रातीपास्नं डोस्कं धरून बसलीया," ती म्हणाली, आता निराळ्याच आवाजात. "म्हनती, आत कायतरी चालतंय."

रिबी खोपीच्या कोपऱ्यात होती. हाताच्या तळव्याने कानावर थापा मारत होती, एका लयीत. मला बघितलं तरी थांबली नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसले.

"रिबी, दवाखान्यात जायचं. येतेस?"

"सुई देत्यात?"

"देतील कदाचित."

"तुमी बाहेर थांबनार?"

"नाही. आत."

तिला ते खरं वाटलं नसावं. पण आजीने हात धरून उठवलं तेव्हा आली.

मिशनचा दवाखाना दीड मैल. अर्ध्या वाटेत तिला चालवेना, तेव्हा टांगा केला. टांगेवाल्याने मागे वळून दोनदा पाहिलं, मग खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला. रिबी त्याच्याकडे बघत होती. मी माझा रुमाल घरी विसरले होते असं म्हणता येणार नाही. कमरेला होता. काढला नाही एवढंच.

डॉक्टर शिरसाठांनी बोळा काढला, बॅटरी मारली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. "कधीपासून वाहतोय?"

"येका सालापास्नं," ठकूबाई म्हणाली.

"आणि आत्तापर्यंत कुणाच्या लक्षात नाही आलं?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "अळ्या आहेत आत. माशीने अंडी घातलीत. औषध टाकतो, त्या बाहेर यायला लागतील, मग चिमट्याने एकेक काढायची. दुखेल. भूल देण्यात अर्थ नाही, तुम्ही तिला घट्ट धरा. मांडीवर घ्या. डोकं अजिबात हलता कामा नये. आजीबाई, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघवणार नाही."

मी स्टुलावर बसले. रिबीला मांडीवर घेतलं. डोकं माझ्या छातीवर, चांगला कान खाली, सडलेला वर, माझ्या हनुवटीपासून चार बोटांवर. एक हात तिच्या पाठीवरून, दुसरा कपाळावर. तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

तिला त्या कानाने पुढे कधीच ऐकू आलं नाही, हे इथेच सांगून टाकते. पडदा गेला होता. दहा दिवस आधी आणली असती तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित.

त्यांनी थेंब टाकले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतून ओलसर पांढरं काहीतरी वर आलं, टोक हलवत. मग त्याच्या शेजारी दुसरं. घाणीची एक वाफ उठली ती सरळ माझ्या तोंडावर. डोळ्यांतून पाणी आलं, आवंढा गिळला तो परत वर आला. माया वगैरे काही वाटत नव्हती. वाटली असती तर इथे लिहिलं असतं. मला फक्त तिला फेकून देऊन पळावंसं वाटत होतं. माझे हात तेवढे जागेवर होते.

पहिली अळी ट्रेमध्ये पडली. रिबी कण्हली, हलली नाही. माझ्या पातळात तोंड खुपसून म्हणाली, "बाई."

"काय गं?"

"तुमाला वास येतोय ना?"

डॉक्टरांचा चिमटा क्षणभर थांबला.

"येतोय," मी म्हणाले.

"लई?"

"लई घाण येतोय, रिबी. ओकारी येतीय मला."

मी वाट बघत होते, आता ती मला ढकलून देईल म्हणून. चिमटा परत आत गेला. तिच्या पाठीवरच्या माझ्या हाताला आधी कळलं, मग मांडीला. ती ताठ राहिली नव्हती. तिने आपलं सगळं वजन माझ्यावर टाकलं होतं.